राजूरचा स्वच्छ कॉम्प्युटर

“मॅडम, पुन्हा तसंच करून राह्यला. अकराव्या मिनिटाले अडकला.”

दुपारचे दोन वाजले होते आणि फोनवर राजूरची पल्लवी होती. तिचा कॉम्प्युटर मी आदल्याच दिवशी नीट करून दिला होता, वर छातीठोकपणे म्हणालेही होते, “आता काही होत नाही, जा.” वणीत माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, बावीस वर्षं झाली. दुरुस्त केलेली मशीन चोवीस तासांत पुन्हा रडायला लागली की माझं डोकं फिरतं. आधी मशीनवर, मग गिऱ्हाइकावर आणि शेवटी स्वतःवर.

प्रकरण असं होतं. पल्लवी गेम खेळते, खेळताना वऱ्हाडीत बोलते आणि त्याचा व्हिडिओ करते. पुण्याच्या एका कंपनीला असं बोलणारी माणसं नोकरीवर हवी होती. त्यांनी अर्ध्या तासाचं सलग रेकॉर्डिंग मागितलं होतं, मध्ये कुठे कापलेलं चालणार नव्हतं. तिच्या पहिल्या व्हिडिओत चित्र सारखं अडकत होतं. कंपनीनं कळवलं, बोलणं छान आहे, चित्र बघवत नाही, अजून एकदा पाठवा. ती मुदत आज संध्याकाळी सहाची. तिसरी संधी नव्हती.

दुकानात मला तीन गोष्टी सापडल्या होत्या. गेम चालवायचा आणि त्याच वेळी त्याचा व्हिडिओ बनवायचा, ही दोन्ही कामं एकटा प्रोसेसर करत होता. एकाच चुलीवर भाकरी आणि वरण. खरं तर ग्राफिक्स कार्डात व्हिडिओ बनवायला एक वेगळा भाग असतोच, तो रिकामा बसला होता. रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘एन्कोडर’ नावाचं सेटिंग असतं, ते बदलून काम त्याच्याकडे दिलं. रेकॉर्डिंग जुन्या, संथ हार्ड डिस्कवर जात होतं, ते वेगवान एसएसडीवर वळवलं. गेम सेकंदाला दीडशे चित्रं काढत होता. व्हिडिओला साठ पुरतात, म्हणून तिथं लगाम घातला. मग चाळीस मिनिटं रेकॉर्डिंग करून पाहिलं. एकदाही अडकलं नाही.

एक गोष्ट मात्र तेव्हाच नजरेत भरली होती. राजूर खाणीचं गाव. तिथल्या कॉम्प्युटरचा कॅबिनेट उघडला की आत कोळशाच्या धुळीचा काळा थर असतो, ब्लोअर मारल्यावर मला माझंच तोंड आरशात ओळखू येत नाही. पल्लवीचा कॅबिनेट आतून लख्ख होता. मी मनात म्हटलं, पोरगी टापटिपीची आहे. तिथंच विचारायला हवं होतं, पण स्वतःच्या सेटिंगवर खूश होते ना मी.

“व्होल्टेज कमी असंल,” असं फोनवर पुटपुटत मी स्कूटी काढली. एप्रिलचं ऊन मी म्हणत होतं. पोचेपर्यंत पावणेतीन झाले.

दार पल्लवीच्या आईनं उघडलं. “जय भीम मॅडम, या. पोरगी जेवली नाही सकाळपासून.”

आतल्या खोलीत पल्लवी डोळे लाल करून बसली होती. टेबलावर मॉनिटर होता. शेजारी कॅबिनेट दिसेना. होतं ते एक जाडजूड गोधडीचं गाठोडं, पुढं बटणापुरती चीर, वर हिरव्या दोऱ्यानं सुबक भरलेलं ‘पल्लवी’.

“हे काय?” मी विचारलं.

“कव्हर,” आई अभिमानानं म्हणाली. “मीच शिवलं. तीन लुगड्यांचं. इथं डोळ्यादेखत काळं बसते मॅडम. दुकानात नेताना काढलं होतं, मळंल म्हणून.”

“चालू असतानाही घालून ठेवता?”

“मागून तं उघडंच आहे ना,” पल्लवी म्हणाली.

मागून गरम हवा बाहेर जाते. थंड हवा पुढून आत घेतली जाते आणि पुढं तीन लुगडी होती. मी तापमान दाखवणारं सॉफ्टवेअर उघडून गेम लावायला सांगितला. दहा मिनिटांत आकडा सत्त्याण्णव अंशांवर गेला आणि चित्र अडकलं. प्रोसेसर फार तापला की जळू नये म्हणून आपला वेग आपणच कमी करतो. थर्मल थ्रॉटलिंग म्हणतात त्याला. दुकानात हे कव्हर नव्हतं, म्हणून तिथं चाळीस मिनिटं चालवूनही मला कळलं नव्हतं.

मी गोधडी उचलली. आकडा घसरायला लागला.

आई त्या आकड्याकडे बघत होती. “म्हंजे माह्यानंच झालं का हे सारं? पयला व्हिडिओबी?”

मला फार वाईट वाटलं. माझा राग वाटेतच कुठे गळून पडला होता.

“ताई,” मी म्हटलं, “बावीस वर्षांत राजूरचा इतका स्वच्छ कॉम्प्युटर मी पाह्यला नाही. पांघरूण चांगलंच आहे तुमचं. फक्त तो झोपला की घालत जा.”

“अन् जागा असताना धूळ?”

प्रश्न बरोबर होता. मी घरातली जुनी मच्छरदाणी मागितली. आईनं पुढच्या मापाची जाळी कापून दुहेरी टाचली, मी ती चिकटपट्टीनं लावली. हवा आत, बरीचशी धूळ बाहेर. पुन्हा गेम लावून पाहिला, आकडा चौऱ्याहत्तरला स्थिर झाला.

चार वाजता रेकॉर्डिंग सुरू झालं. पल्लवीनं एकदा घसा खाकरला आणि मग अशी सुटली की मीच हसू दाबत बसले. अकरावं मिनिट गेलं. विसावं गेलं. बाविसाव्या मिनिटाला दारातून आईचा आवाज आला, “पल्लवी, तापला तं नाही ना वं तो?”

माइक चालू होता. मी कपाळावर हात मारला.

पल्लवी थांबली नाही. गेममधल्या गाडीला वळण देता देताच म्हणाली, “नाही व माय, थंडा आहे. तू च्या मांड मॅडमले.”

कापायला परवानगी नव्हती, पुन्हा करायला धीर नव्हता. पाच वाजून वीस मिनिटांनी फाइल तशीच गेली. ‘पोचली’ असा मेल आला तेव्हा तिघींनीही श्वास सोडला. मग पल्लवी जेवली.

पाचव्या दिवशी तिचा फोन आला. नोकरी मिळाली होती, तीही घरूनच करायची. कंपनीनं एवढंच विचारलं होतं, त्या आई पुढच्या व्हिडिओतही असतील का? आईचं उत्तर होतं, “मले टाइम नाही.”

मी दुकानात एकटीच हसले. इतकं हलकं मला बऱ्याच दिवसांत वाटलं नव्हतं.

मशीन माझ्या टेबलावर तासभर असते, घरी वर्षानुवर्षं. म्हणून दुरुस्तीच्या फॉर्मवर मी एक ओळ वाढवली आहे: ‘घरी मशीनवर काय पांघरता?’ गिऱ्हाइकं हसतात. राजूरहून आलेला पहिला माणूसही हसला, मग त्यानं पेन मागून घेतलं आणि लिहिलं, ‘सतरंजी.’