मध्येच मिटलेला अध्याय

माझ्या वडिलांचा एक नेम होता आणि त्या नेमाचा मला लहानपणापासून राग होता. पहाटे चूल पेटण्याआधी घरातल्या सगळ्यांनी चटईवर बसायचं, शास्त्रातला, म्हणजे बायबलातला, एक अध्याय मोठ्याने वाचायचा आणि मग प्रार्थना करायची. अध्याय ओळीने घ्यायचे. आवडीचं निवडायचं नाही, कंटाळवाणं वगळायचं नाही आणि एकदा वाचायला घेतलं की आमेन होईपर्यंत पुस्तक मिटायचं नाही. नुसत्या वंशावळींचे अध्यायसुद्धा मी डुलक्या घेत ऐकले आहेत. ह्या नावांचा आपल्याला काय उपयोग, असं मी एकदा तणतणत विचारलं, तेव्हा बाबा म्हणाले, भरल्या ताटावरून उठू नये. मला ते मुळीच पटलं नव्हतं.

बाबा मिशनचे उपदेशक होते. लोणावळ्यात स्टेशनामागे आमचं दोन खोल्यांचं घर होतं. तिथून ते पायी मावळातल्या गावोगाव जात. त्यांचा स्वतःचा जन्म कुरवंड्याचा. तरुणपणी ख्रिस्ती झाले आणि घर सुटलं. मी मुलींच्या शाळेत शिकवत होते. एका उन्हाळ्यात, ऐन मे महिन्यात, बाबा तापाने अंथरुणाला खिळले आणि एका पहाटे गेले. घरात आई आणि मी, दोघीच. त्या दिवशी चटई कोणी अंथरली नाही.

उन्हाळ्याचे दिवस, मृतदेह फार वेळ ठेवता येणार नव्हता. आमचे पाद्री, पाळकसाहेब, दौऱ्यावर होते. खंडाळ्याच्या वाटेवर ख्रिस्ती दफनभूमी होती, तिची देखरेख करणाऱ्या गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर मी सकाळीच गेले. साहेबांची न्याहारी चालली होती म्हणून मला पायरीशी उभं केलं. उभ्याउभ्या समोरची बाग दिसत होती. गुलाबांच्या वाफ्यामागे एक छोटा घडीव दगड होता आणि त्यावर साहेबांच्या मेलेल्या कुत्र्याचं नाव कोरलेलं होतं. मग साहेब बाहेर आले. फार वाईट वाटलं म्हणाले. पण ती जागा रेल्वेच्या अधिकाऱ्यांसाठी आणि बंगलेवाल्यांसाठी आहे, नेटिव्ह ख्रिस्ती लोकांची सोय पुण्याला आहे, असं त्यांनी सांगितलं आणि आत गेले.

मी पायरीवर तशीच उभी राहिले. ह्याच साहेबांचं तान्हं मूल गेलं होतं तेव्हा घाटात दरड कोसळून मुंबईचा पाद्री अडकला होता, आणि प्रार्थना म्हणायला त्यांनी बाबांनाच बोलावणं धाडलं होतं. बाबा भर पावसात उघड्या डोक्याने त्या कबरीशी उभे राहिले आणि घरी येऊन खोकत पडले. तेव्हा त्या जमिनीला नेटिव्ह पाय चालले होते. आज त्या पायांना तिथे निजायला जागा नव्हती.

घरी आले तर कुरवंड्याहून काका आले होते. अंगणातच उभे होते, उंबऱ्याच्या आत आले नाहीत. त्यांना मी विचारलं, तुमच्या शेताच्या बांधाला तरी जागा द्याल का? काका ढसाढसा रडले. "माजा सख्खा भाऊ हाय गं तो," ते म्हणाले, "पर मी एकट्यानं व्हय म्हनून भागत न्हाई. गाव ऐकायचं न्हाई." डोळे पुसत ते गेले. रडणाऱ्या माणसावर धड रागावताही येत नाही, म्हणून तोही राग माझ्यापाशीच राहिला. पुण्याला न्यायचं तर पेटी, परवानगी, चार माणसं हवी होती. आमच्याकडे त्यातलं काहीच नव्हतं.

दुपार झाली. आई बाबांच्या उशाशी बसली होती. ती म्हणाली, आज वाचन राहिलं. मी तिच्यावर उसळले. कसलं वाचन आणि कोणापुढे प्रार्थना, असं काहीबाही बोलले. आई शांतपणे म्हणाली, "त्यांचा नेम आहे. ते अजून घरात आहेत." मी पुस्तक घेतलं. बाबांनी खुणेला घातलेली कापडाची चिंधी जिथे होती तिथे उघडलं आणि दात-ओठ खात वाचायला लागले. तो अब्राहामाचा अध्याय होता. त्याची बायको सारा परमुलखात मरते. तो म्हातारा तिच्या मृतदेहापासून उठतो, त्या मुलखातल्या लोकांसमोर जातो आणि म्हणतो की मी इथला नव्हे, उपरा आहे, माझं माणूस पुरायला मला जागा द्या.

साऱ्या शास्त्रातून आज आमच्या वाट्याला हेच यावं? मी पुस्तक धाडकन मिटलं आणि छताकडे बघून विचारलं, "आमची थट्टा करतोस का?" आयुष्यात पहिल्यांदा आमच्या घरात अध्याय अर्धवट राहिला. आईने आमेन म्हटलं नाही.

तेवढ्यात दारात दाऊदभाई दिसले. शेजारी त्यांची लाकडा-कोळशाची वखार होती आणि बाबांचा नि त्यांचा जुना स्नेह; बाबांना ते मास्तर म्हणत. चपला बाहेर काढून ते आत आले, बाबांपाशी क्षणभर उभे राहिले आणि आईला म्हणाले, "वहिनी, मास्तरांना आमच्यात आना. आमच्या घरची राखलेली जागा हाय, माझ्या आईच्या कडंला. त्यातली चांगली वाटंल ती घ्या. मी मशिदीत समद्यांना इचारून आलोय. कुनी न्हाई म्हननार न्हाई."

सकाळपासून कोरडी बसलेली आई तेव्हा रडली.

त्यांच्या कबरस्तानातली जमीन मुरमाड. वखारीतल्या माणसांनी पहारी घेऊन उन्हात कबर खणली. कोणी मजुरीचं नाव काढलं नाही. उन्हं उतरताना बाबांना खाली ठेवलं. पाळक नव्हता, तेव्हा वाचायचं मलाच होतं. दफनविधीची वचनं शोधायला मी पुस्तक उघडलं, तर चिंधीपाशी तो मिटलेला अध्याय समोर आला. बाबांसमोर तो अर्धा टाकणं मला जमेना. जिथे सोडलं होतं तिथून मी पुढे वाचलं. त्या परमुलखातले लोक म्हाताऱ्याला उत्तर देतात: तू आमच्यात मोठा माणूस आहेस, आमच्या कबरींतली उत्तम असेल तिच्यात तुझं माणूस पूर, आमच्यातला कोणी तुला नाही म्हणणार नाही.

मी दाऊदभाईंकडे पाहिलं. त्यांना वाचता येत नव्हतं, आणि ते मशिदीत विचारायला गेले तेव्हा मी बंगल्याच्या पायरीवर उभी होते; हा अध्याय तेव्हा उघडलाही नव्हता. ह्यापुढे मला काही सिद्ध करायचं नाही. मी अध्याय शेवटापर्यंत वाचला. दाऊदभाईंनी हळूच विचारलं, "ह्यो अब्राहाम म्हंजी आमचा इब्राहिमच का?" मी मान हलवली. ते पुढे झाले आणि पहिली मूठ माती त्यांनी घातली.

माझा राग गेला असं मी लिहिणार नाही. दर रविवारी ख्रिस्ती देवळात पहिल्या बाकावर बसणाऱ्या त्या साहेबाला ख्रिस्ताचं नाव घेताना लाज कशी वाटली नाही, हे मी आजही प्रभूला विचारते. पहाटे चटईवर बसून विचारते. तो ऐकून घेतो. राग त्याच्यापुढे ठेवायचा आणि उत्तराची वाट बघायची, एवढं मात्र त्या दिवसापासून मला जमू लागलं आहे. उत्तर कोणाच्या तोंडून यावं हे ठरवणारी मी कोण?

पुढे बऱ्याच वर्षांनी दफनभूमीचा कारभार बदलला. नवे पाद्रीसाहेब स्वतः घरी आले आणि आदराने म्हणाले की उपदेशकांची कबर आता आपल्या जागेत हलवता येईल, वर दगडही बसवू. आईने त्यांना चहा दिला आणि नम्रपणे नाही म्हणाली. "त्यांना त्या लोकांनी घरचं म्हणून ठेवून घेतलंय," ती म्हणाली. "आता कुठं उठवता?"

मागच्या वर्षी आई गेली. मी डोळे पुसून जागेचं विचारायला वखारीकडे निघाले, तर वखार बंद होती. म्हातारे दाऊदभाई पायरीवर बसले होते. त्यांची मुलं पहारी घेऊन केव्हाच कबरस्तानाकडे गेली होती. मी घरी परतले, चटई अंथरली आणि आईच्या उशाशी बसून त्या दिवसाचा अध्याय पहिल्यापासून आमेनपर्यंत वाचला.