फ्लँजमधली फट

मिस्त्रींचा एक नियम होता. पाइप जोडून झाला की पंप सुरू करण्याआधी सगळे बोल्ट ते पुन्हा सैल करायला लावत. नव्या माणसाला वाटे, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय. पण हिशेब सरळ होता. बोल्ट सुटल्यावर पाइप जागचा हलला नाही, तर काम खरं. हलला, तर तो बोल्टांनी ओढून आणलेला. असा पाइप पंपाला सतत ओढत राहतो आणि वर्षाच्या आत बेअरिंग खातो.

"पाइपानं आपल्या पायांनी यावं," ते म्हणत. "मानगूट धरून आणलेला पाहुणा काय जेवणार?"

चौतीस वर्षं त्यांनी असेच पंप बसवले. कागदाच्या गिरणीत, साखर कारखान्यात, आता पाणीपुरवठ्याच्या पंपघरात. वेल्डिंगला कायम मेहुणा. त्याच्या तोंडाला कधी झाकण नसे. "दाजी, तुमच्या या हट्टापायी ताईनं अर्धं आयुष्य गार जेवण जेवलं," हे तो दर कामाला एकदा तरी ऐकवायचाच.

त्या दिवशी तिसऱ्या पंपाचे बोल्ट सैल झाले. पंपाच्या आणि पाइपाच्या तोंडावरच्या लोखंडी चकत्या, म्हणजे फ्लँज, समोरासमोर होत्या. मिस्त्री गुडघ्यांवर बसले. एक डोळा मिटून त्यांनी मधली फट पाहिली.

"सरळ आहे. आवळ."

मेहुणा हलला नाही.

"काय रे, जीभ घरी विसरलास?"

"नाही दाजी. आवळतो."

मिस्त्री थबकले. चौतीस वर्षांत मेहुण्याने त्यांचं असं मुकाट्याने कधी ऐकलं नव्हतं.

त्यांनी हातमोजा काढला. फटीत नख घातलं. वर ते सहज गेलं. खाली शिरेना; चकत्या वाकड्या होत्या. त्यांनी पुन्हा घालून पाहिलं.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी सहा महिन्यांपूर्वीच सांगितलं होतं, आतला पडदा झिजलाय, चष्म्याने भागणार नाही. ते त्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर काम सुटलं असतं, आणि कामाशिवाय त्यांना दुसरं काही येत नव्हतं.

"तुला कधीपासून माहीत आहे?"

मेहुण्याने हातातला पाना खाली ठेवला.

"मागच्या कामापासून. दोन जोड मी पुन्हा केले. दोन रात्री, तुम्ही घरी गेल्यावर."

"आणि मला म्हणालास, झकास झालंय."

"झालं होतं ना. नंतर."

मिस्त्री रागावले नाहीत. गुडघ्यावर हात टेकून उठले आणि कामावर देखरेख करणाऱ्या इंजिनीअर बाईंच्या टेबलापाशी गेले.

"तिसऱ्या पंपाचा जोड कापावा लागेल. एक दिवस जाईल. चूक माझी आहे. मला नीट दिसत नाही."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "मग पुढची मापं?"

"मेहुणा घेईल."

"आणि तुम्ही?"

ते परत आले. पाइपाखाली टेकू सरकवला, वरून दोन्ही हातांनी पाइप धरला.

मेहुण्याने सवयीने विचारलं, "किती कापू, दाजी?"

"तू सांग."

मेहुण्याने टेप लावली. आकडा मोठ्याने म्हटला. मग टेप काढून पुन्हा लावली.