बाळंतिणीच्या खोलीवरच्या पाकोळ्या

आधीच सांगून टाकतो, भूत, करणी, नजर... यातलं मी काही मानत नाही. धंद्याने वायरमन. जुन्नर-आंबेगावातल्या कितीतरी जुन्या घरांच्या माळ्यांवर पोटावर सरपटलोय. साप बघितलेत, एकदा घुबडाने टाळूवर नखं मारलीत, पण लोक ज्याला ‘अनुभव’ म्हणतात तसलं कधी काही वाट्याला आलं नाही. कोणी सांगायला लागलं की मी हमखास चेष्टा करायचो. त्यामुळे हे लिहिताना थोडी लाज वाटतेय. पण बरीच वर्षं पोटात ठेवलं, आता ठेववत नाही.

वायरिंगच्या जोडीला मी आणखी एक काम करायचो – घरातली वाघळं काढायची. मारायची नाहीत, काढायची. अठ्ठ्याण्णव साली पुण्याहून एक मॅडम आमच्याकडच्या लेण्यांतल्या वाघळांचा अभ्यास करायला आल्या होत्या. त्यांच्या बॅटऱ्या चार्ज करून द्यायचं काम माझ्याकडे होतं, तेव्हा त्यांनी शिकवलं. धूर करायचा नाही, मिरच्या जाळायच्या नाहीत. संध्याकाळी वाघळं ज्या फटीतून बाहेर पडतात ती हेरायची आणि तिच्यावर बारीक जाळी पडद्यासारखी सोडायची, खालून मोकळी. आतली वाघळं जाळीवरून घसरत खाली येतात आणि उडून जातात, पण परत आल्यावर त्यांना वर शिरायची वाट सापडत नाही. चार-पाच संध्याकाळी कोणी बाहेर पडलं नाही की फट लिंपून टाकायची. फक्त एक गोष्ट मॅडमनी मला तीनतीनदा बजावली होती. उन्हाळा संपताना आणि पावसाळ्यात आधी स्वतः वर चढून बघायचं, पिल्लं नाहीत ना. पिल्लांना उडता येत नाही. आया बाहेर अडकल्या की ती आत उपाशी मरतात.

हा नियम मी शाळांत पाळला, देवळांत पाळला. स्वतःच्या घरी मोडला.

दोन हजार तीनचा जून संपत आला होता. माझी धाकटी बहीण नंदा पहिल्या बाळंतपणाला माहेरी, म्हणजे आमच्याकडे जुन्नरला आलेली. मुलगी झाली. बाळंतिणीची खोली घराच्या मागच्या अंगाला, वर लाकडी तक्तपोशी. तक्तपोशी आणि कौलांच्या मधल्या पोकळीत पाकोळ्या राहायच्या – अंगठ्याएवढी लहान वाघळं. आम्हाला त्यांची सवयच होती. पण नवव्या दिवशी नंदाच्या सासूबाई राजुरीहून नात बघायला आल्या, आणि त्या पाळण्याशी वाकल्या असतानाच वरून नेमकी दुपट्यावर लेंडी पडली. झालं!

"बाराव्याला बारसं हाय," त्या म्हणाल्या. "तवर ही घाण गेली तर बरं. न्हाईतर मी माझी सून आन् नात घिऊन जाते."

नंदाचे डोळे भरून आले. मला आला राग. सासूबाई एसटीला गेल्या आणि मी छाती ठोकून सांगितलं, "बारशाला या घरात एक जरी पाकोळी दिसली तर नाव लावणार नाही."

आई कांदा चिरत होती. म्हणाली, "आरं, आत्ता नगं. त्यांची बी बाळंतपनाची येळ असती ही."

"तू काय आता वाघळांची सुईण झालीस का?" मी हसलो.

गुरुवारी दुपारी बाहेरून शिडी लावली. वर शिरायचं तर खोलीतली एक फळी उचकटावी लागली असती, नंदाला उठवून, सगळं सामान हलवून. कोण करणार? फटीतून बॅटरी मारली, काही दिसलं नाही. जाळी सोडली आणि उतरलो. दिवेलागणीला पाकोळ्या एकेक करून घसरत बाहेर पडल्या. मी अंगणात चहा पीत बघत होतो, स्वतःवरच खूष.

आत नंदाने बाळाला पाजायला घेतलं होतं. बाळाने तोंड फिरवलं.

रात्रभर प्यायलं नाही. आईने ओवा-हिंग लावून बघितलं, मीठ-मोहऱ्या उतरवून बघितल्या. पहाटे उजाडायच्या आधी नंदाची हाक आली, "दादा, इकडं ये लवकर! हिचं रडणं बघ."

बघितलं. बाळ रडत होतं – चेहरा लालबुंद, मुठी आवळलेल्या, तोंड पूर्ण उघडं, गळा थरथरतोय... आणि आवाज नाही. अजिबात नाही. मी तिच्या तोंडाला कान लावला, नुसती गरम वाफ लागली.

तेवढ्यात खिडकीच्या काचेवर टप्‌ झालं. मग पुन्हा. पाकोळ्या परतल्या होत्या. त्या जाळीशी जायला हव्या होत्या, पण त्या येत होत्या खिडकीवर. बाळाने तोंड मिटलं की काच शांत. तोंड उघडलं की – टप्‌, टप्‌, टप्‌. वाटलं, योगायोग असेल. चार वेळा बघितलं, पाच वेळा बघितलं. सहाव्यांदा बघायची माझी छाती झाली नाही. मी खिडकीवर चादर ओढली. नंदा माझ्याकडेच बघत होती.

सकाळी बाळाला डॉक्टरांकडे नेलं. घसा बघितला, छाती तपासली, ताप नाही. तिथेही ती तशीच मुकी रडली. चमच्याने दिलेलं दूध ओठांच्या कोपऱ्यातून बाहेर आलं. डॉक्टर म्हणाले, "मला दोष काही सापडत नाही. पण संध्याकाळपर्यंत दूध गेलं नाही तर इथे थांबू नका, पुण्याला हलवा."

दुपारपर्यंत बाळाची मान ढिली पडली. पण एक होतं... ती मान सारखी एकाच बाजूला वळायची आणि डोळे वर, तक्तपोशीच्या आतल्या कोपऱ्याकडे. आईने तिला उलटं निजवलं, डोक्याच्या जागी पाय. थोड्या वेळाने मान दुसऱ्या बाजूला वळली. कोपरा तोच. दहा दिवसांचं पोर ते! आईने आधी कोपऱ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

संध्याकाळ झाली. पुण्याला न्यायला शेजारच्यांची जीप दारात आली होती. आईने पिशवी भरली. नंदा बाळाला छातीशी धरून उठली आणि मटकन खाली बसली. "दादा, माझं बाळ चाललं रे."

मी हातोडी-पटाशी घेतली, कपाटावर चढलो आणि त्या कोपऱ्यातली फळी उचकटली.

पिल्लं होती. गुलाबी, बिनकेसांची, एकमेकांना चिकटून गोळा झालेली. कडेची तीन थंड पडली होती. बाकीची जिवंत होती आणि सगळ्यांची तोंडं एकदमच उघडत होती, एकदमच मिटत होती. आवाज नाही. मी वरून खाली बघितलं. नंदाच्या मांडीवर बाळाचं तोंड उघडलं. मिटलं. उघडलं. वरच्यांच्या बरोबर, त्याच तालात.

मी खाली कसा आलो आठवत नाही. मागच्या अंगणात धावलो, शिडी चढलो आणि जाळी ओरबाडून काढली. पाकोळ्या तिथेच घिरट्या घालत होत्या. माझ्या कानांवरून, गालांवरून फडफडत त्या फटीत शिरल्या. मी डोळे गच्च मिटून शिडीला लोंबकळत होतो. आणि तेवढ्यात आतून ऐकू आलं – ट्यांहां! सगळी गल्ली जागी होईल असं रडणं. मीही शिडीवरच रडायला लागलो.

पुण्याला जावं लागलं नाही. बारसं पुढच्या खोलीत झालं. आईने सासूबाईंना बाजूला घेऊन काय सांगितलं कोण जाणे, त्या पाकोळ्यांबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत.

मी नंतर मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, पिल्लांची हाक माणसाच्या कानाला ऐकू येत नाही, इतकी बारीक असते. पण माणसाच्या बाळाच्या गळ्यातून तशी हाक निघणं शक्य नाही. खोलीत दिवा असेल, दिव्याला किडे येतात, किड्यांमागे वाघळं. दिवा होता, हे खरं आहे. मी तेवढं मान्य करतो. पण त्या तोंडांचा ताल? मॅडम म्हणाल्या, "ते मला माहीत नाही." मलाही नाही. आजपर्यंत नाही.

त्या संध्याकाळी बाळ चुरूचुरू पीत होतं तेव्हा नंदाने मान वर न करता विचारलं होतं, "दादा, जाळी लावायच्या आधी तू वर चढून बघितलं होतंस ना?"

"बघितलं होतं की," मी म्हणालो.

भाची आता शाळेत जाते. दर भाऊबीजेला मला ओवाळताना नंदा तिला सांगते, "मामा होता म्हणून तू वाचलीस." मी पाटावर बसून ऐकून घेतो.