गोठ्यामागची बुरशी

माझ्या पोटात काही राहत नाही, हा माझा जुना दोष. प्रयोगशाळेत जरा काही घडलं की संध्याकाळी आईला सांगितल्याशिवाय मला घास उतरायचा नाही.

मी इथं शहरात बुरशीवर संशोधन करते. बुरशीचा अर्क काढायचा, काचेच्या बशीत वाढवलेल्या कॅन्सरच्या पेशींवर सोडायचा आणि त्या मरतात का ते बघायचं. आईला स्तनाचा कॅन्सर निघाला, केमो सुरू झाली, तेव्हापासून फुलंब्रीकडच्या आमच्या गावाहून तिचा रोज एकच प्रश्न. "मेल्या का गं आज?"

एकदा मेल्या. ती बुरशी आमच्याच शेळ्यांच्या गोठ्यामागच्या, लिंबाच्या कुजक्या ओंडक्यावरची. मीच खरवडून आणली होती. "आई, आपल्या ओंडक्यावरच्या बुरशीनं मेल्या!" मी फोनवर ओरडलेच. निरोगी पेशींवर अजून तपासायचंय, औषध व्हायला वर्षं जातात, हे सांगायचं राहिलं. का सांगावंसंच वाटलं नाही, देव जाणे.

चौथ्या दिवशी भावाचा फोन आला. आई सकाळपासून ओकत होती. जीव मुठीत धरून गेले. चुलीपाशी पातेलं होतं, तळाला करडा गाळ. जन्मभर प्रत्येक दुखण्यावर काढा उकळलेली बाई, तिनं दुसरं काय करावं? तरी मी तिच्यावरच खेकसले, "अक्कल गहाण ठेवली का? विष असलं तर?"

"तू शोधलंय म्हणून पेले," ती म्हणाली. "दुसऱ्या कुणाचं असतं तर वास बी घेतला नसता."

त्यातून ती उठली, पण पुढची केमो लांबली. नंतर तपासलं, तर तो अर्क निरोगी पेशीही मारत होता. मला स्वतःची लाज वाटली. तेव्हापासून तिनं विचारलं की माझं उत्तर ठरलेलं, "नाय गं."

पुढच्या उन्हाळ्यात त्याच अर्कातला एक घटक वेगळा निघाला. कॅन्सरच्या पेशी मेल्या, निरोगी जगल्या. पहिल्यांदाच! आई तोवर अंथरुणाला खिळली होती, आवाज पार खोल गेला होता.

"मेल्या का गं?"

जिभेच्या टोकावर आलं होतं. पण सांगितलं असतं तर तिनं कुणाला तरी गोठ्यामागं धाडलंच असतं.

"नाय गं."

"असू दे. लई जिवाला लावून घिऊ नको. सापडंल."

बारा दिवसांनी ती गेली. पोरीच्या हाताला काहीच लागलं नाही, असं समजून गेली.