आजीच्या रडण्याची वाट

गेल्या चैत्रात निमगाव केतकीत मी एका माणसाला त्याच्याच मरणाबद्दल भेटून आलो. गावात शिरताना कुणीतरी म्हणालं, "आबा गेले," आणि पुढचं मी ऐकलंच नाही. ओसरीवर हात जोडून "फार वाईट झालं" म्हणतोय, तोच आतून तंबाखू मळत आबाच बाहेर आले.

"कोण गेलं रं?"

"तुमी, आबा."

"लेकीकडं गेलो हुतो. परवा आलो. बस, च्या घे."

माझ्या बायकोनं हसू दाबायला तोंडात पदर कोंबला. माझे वडील, तात्या, मात्र नुसते पायाकडं बघत उभे राहिले.

आमच्या आजीच्या हातून असलं कधी घडलं नसतं. दुसऱ्याच्या दारात जाऊन रडण्यात इंदापूर तालुक्यात तिच्या तोडीचं माणूस झालं नाही. दर चैत्रात ती महादेवाला शिखर शिंगणापूरला चालत जाई. तीन दिवसांच्या वाटेला तिला सहा लागत, कारण वर्षभरातली वाटेवरची सगळी मरणं ती या खेपेसाठी राखून ठेवी. कोण आधी वारलं याला महत्त्व नव्हतं, कुणाचं घर आधी लागतं याला होतं. दार वीस पावलांवर आलं की पदर पुढं ओढून असा हेल काढी की गोठ्यातली बसलेली जनावरं उठून उभी राहत. आतल्या बायका धावत येऊन तिच्या गळ्यात पडत. चहाला उकळी फुटली की ही थांबे, नाक पुसे आणि विचारी, "म्हस किती दूध देती गं?" एकदा ती एका बैलासाठी रडली, म्हणाली, त्या घरात तेवढाच एक शहाणा होता. आमचा बांध कोरणाऱ्या माणसाच्या दारातही रडली. "मेल्यावर कुणाचा बांध आन् काय!"

कॉलेजात असताना मी शहाणपणानं विचारलं होतं, "आजी, नात्याचे ना गोत्याचे, कशाला रडतेस?"

"घरच्यांफुडं माणूस धीर धरून बसतंय. रडायला परकंच लागतं." मी हसलो होतो.

ती स्वतः गेली, तेव्हा तात्या रडले नाहीत. वर्षश्राद्ध झालं तरी नाहीत. भाकरी अर्ध्यावर आली, बोलणं त्याहून खाली. दिवसभर भिंतीकडं तोंड करून पडून राहत. डॉक्टर म्हणाले, रोग काही नाही. आईमागं वर्षा-दोन वर्षांत मुलगाही गेल्याचे दाखले लोक मला मोठ्या हौसेनं देऊ लागले. शेवटी बायको म्हणाली, "आजींच्या वाटेनं चालवत नेऊ त्यांना." मी चालायला लागलो तो पोट कमी होईल या आशेनं, तात्या निघाले ते कुणाला नाही म्हणायचीही ताकद नव्हती म्हणून.

पहिल्याच दिवशी आबांच्या दारात फजिती झाली; तिसऱ्या दिवशी नीरा ओलांडल्यावर एका वस्तीवर पाणी मागायला थांबलो. दारात एक म्हातारी होती. तात्यांचा चेहरा तिनं ओळखला.

"आई कुठाय तुजी? गेल्या चैताला आली न्हाय. सून गेली माजी. तवापास्नं थांबलीया मी, ती आली की रडू म्हणून."

तात्यांनी माझ्याकडं बघितलं. म्हातारीला कळलं. तिनं तात्यांच्या छातीवर डोकं टेकवून हेल काढला. ते ताठ उभे. मग एकदम ओरडले, "पाणी मागत हुती ती! मला झोप लागली. उठलो तर भांडं भरल्यालं तसंच, आन् ती गार!"

वर्षभर आमच्यापैकी कुणालाच हे माहीत नव्हतं.

म्हातारीनं त्यांचं तोंड दोन्ही हातांत धरलं. "माज्या सुनेला मी माज्या हातानं पाणी पाजलं, लेकरा. तरी गेलीच की!"

मग तात्या खाली बसले. पासष्टीचा माणूस अंगणातल्या मातीत बसून "आई गं" म्हणत रडला, आणि म्हातारी त्यांच्या शेजारी बसून तिच्या सुनेसाठी रडली. चहा कुणी ठेवलाच नाही.

पुन्हा वाटेला लागलो तेव्हा ऊन चढलं होतं. तात्या चार पावलं मागं होते, अजून हुंदके देत होते. मी वळायला लागलो, तशी बायकोनं माझा दंड धरला.

"मागं बघू नका हो," ती हळू आवाजात म्हणाली. "तुम्ही बघितलंत, की ते परत तुमचे वडील होतात."