रुसव्याचं पद

झाशीच्या रेल्वे पार्सल ऑफिसातले कारकून विश्वंभर खेर तसे कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण गणेशोत्सवासाठी संगीत नाटकांतली जोडीची पदं निवडायची म्हटलं, की त्यांच्यापुढे बोलायची कुणाची बिशाद नव्हती. मांडवात निम्मे लोक हिंदी बोलणारे, आणि वन्समोर त्यांच्याकडूनच यायला हवा हा यांचा हट्ट! म्हणून ते आधी माणिक चौकातल्या पानवाल्याला पद गुणगुणून दाखवायचे. मराठीचं अक्षरही न कळणाऱ्या त्या माणसानं "फिर क्या हुआ, बाबूजी?" असं विचारलं, की पद पक्कं. मग ते आणि त्यांची पत्नी कमळाबाई अशी काही गात, की काय सांगावं! आता तसं कानावर पडत नाही.

बासष्ट साली कमळाबाईंना दम्यानं गाठलं. दोन ओळींत धाप लागायची. मंडळाचे चिटणीस दिवाकरराव चाचरत म्हणाले, "यंदा वहिनींच्या जागी मंडळातल्या स्नेहलताला घ्यायचं का?" विश्वंभररावांचं डोकंच फिरलं. तिच्याशिवाय गायचं नव्हतं, आणि चारचौघांत तिची फजितीही होऊ द्यायची नव्हती. आठवडाभर जुन्या वह्या उपसून त्यांनी एक पद काढलं. त्यात बायको रुसून पाठमोरी बसते, नवरा पाच कडवी विनवण्या करतो आणि शेवटी ती एकच ओळ म्हणते, "पुरे लाडीगोडी, चला जेवायला."

कमळाबाईंनी वही पाहिली. "अहो, माझी सोय बघितलीत होय?"

"छे गं! रुसायला तुझ्याइतकं कुणाला जमतंय?"

उत्सवात पाचवं कडवं संपलं, तरी कमळाबाई गप्पच. त्या श्वास जुळवत होत्या, हे एकट्या विश्वंभररावांना कळत होतं आणि त्यांचा जीव टांगणीला लागला होता. एवढ्यात पानवाला ओरडला, "मान भी जाओ, भाभी!" त्या खुदकन हसल्या आणि ओळ स्वच्छ सुरात म्हणाल्या. वन्समोर तीनदा झाला. पुढं दरवर्षी शेवटचं पद तेच.

चार वर्षांनी कमळाबाई गेल्या. त्या भाद्रपदात विश्वंभररावांनी यादीत ते पद घेतलंच नाही. पण कार्यक्रम संपला तरी लोक उठेनात. "बाबूजी, रूठनेवाला गाना!" अखेर ते एकटेच गायला बसले. पाठमोरं बसायला शेजारी कुणी नव्हतं. पाचवं कडवं संपलं आणि सवयीनं ते थांबले.

तेव्हा हिंदी वळणाच्या वेड्यावाकड्या उच्चारांत अख्खा मांडव म्हणाला, "पुरे लाडीगोडी, चला जेवायला."

त्या दिवशी वन्समोर कुणीच मागितला नाही.