उलटं बसलेलं फूल

सकाळी साडेआठच्या सुमाराला त्या घरात दोन यंत्रं चालू असत. एक कपडे धुण्याचं, दुसरं भाचेसुनेचं तोंड. हे आत्यांचं म्हणणं. त्यावर भाचेसून म्हणायची, "तिसरं मोजलंच नाहीत तुम्ही, तुमची करवत." मग दोघी हसायच्या आणि तिन्ही यंत्रं पुन्हा आपापल्या कामाला लागायची.

आत्यांचं वय सत्तरीला टेकलेलं. जुन्या शिसवी खुर्च्या, पेट्या, आरशांच्या चौकटी यांवर शिंपल्याची नक्षी जडवलेली असते, तिचे गळलेले तुकडे नव्याने कापून बसवायचे, हे त्यांचं काम. लग्नानंतर दोनच वर्षांनी नवरा गेला आणि त्या थोरल्या भावाकडे परत आल्या, त्या थेट त्याच्या कारखान्यात. भाऊ सुतार. त्याने बहिणीपुढे शिंपल्याच्या कपच्यांचं टोपलं ओतलं आणि म्हणाला, "गुलाबी एकीकडे, हिरवट एकीकडे. रडायचं असेल तर रड, पण ढीग मिसळू नकोस." आत्या सांगायच्या, तिसऱ्या दिवसापासून रडायला सवडच झाली नाही. आता भाऊ नव्हता, कारखाना घरातल्या एका खोलीत आला होता आणि भाच्याची आत्या सगळ्या बाजाराची आत्या झाली होती.

त्या दिवशी भाचा डबा विसरून कामावर गेला होता. भाचेसून फोनवरून त्याच्या विसरभोळेपणाचा इतिहास त्यालाच ऐकवत होती, तेवढ्यात दार वाजलं. जुन्या सामानाचा दुकानदार उभा. हा माणूस एरवी दारातूनच चहाची ऑर्डर द्यायचा. आज चपला काढून खाली मान घालून बसला.

"कोण गेलं?" आत्यांनी विचारलं.

"कोणी नाही. त्या आठ खुर्च्यांवाल्या बाई आहेत ना, निवृत्त मुख्याध्यापिका. नमुना म्हणून पहिली खुर्ची तुम्ही करून दिलीत. त्या म्हणतात, शिंपला म्हणून प्लास्टिक लावलंय."

करवत थांबली. फोनही बंद झाला.

"त्या म्हणतात. आणि तुम्ही?"

"मी काय म्हणणार, आत्या? तुमचं फूल खरंच मेल्यासारखं दिसतंय. उरलेल्या सात बाई मशीनवर नक्षी कापणाऱ्या कारागिराकडे देणार. आणि एकदा प्लास्टिकचं नाव बाजारात गेलं की..."

पुढचं बोलायची गरज नव्हती. अठ्ठेचाळीस वर्षांत आत्यांनी नकली तुकडा हातात धरला नव्हता. त्यांनी पदर खोचला. "चला. मला बघू द्या."

"मीपण येते," भाचेसून म्हणाली. "एकट्या गेलात तर भांडून याल."

"आणि तू आलीस तर?"

"जिंकून येऊ."

मुख्याध्यापिकाबाईंचा दिवाणखाना शाळेच्या कार्यालयासारखा नीटनेटका होता. खुर्ची मोठ्या खिडकीशेजारी ठेवलेली, उजेड डावीकडून येत होता. पाठीवर चार फुलं. तीन जुनी, एक आत्यांचं. तिन्हींवर गुलाबी-हिरवी झळाळी खेळत होती. चौथं मात्र गार झालेल्या दुधावरच्या सायीसारखं मलूल.

"माझ्या सासूबाईंच्या खुर्च्या आहेत," बाई म्हणाल्या. "मला फसवलं तर चालेल, त्यांना नाही."

आत्या वाद घालत बसल्या नाहीत. "बाई, खाली वाका आणि त्या फुलाला गाल लावा."

"गाल?"

"गाल. हाताला कळत नाही."

बाईंनी चष्मा काढला, वर्गातलं कोणी पाहत नाही ना, अशा नजरेने इकडेतिकडे पाहिलं आणि त्या फुलाला गाल टेकवला. मग शेजारच्या जुन्या फुलाला. "दोन्ही सारखीच गार लागतात."

"आता तुमच्या चष्म्याच्या काडीला लावून बघा. ते प्लास्टिक."

बाईंनी तेही केलं. काडी गार लागली नाही. त्यांनी मान डोलावली. खरा शिंपला होता. दुकानदाराने मोठा श्वास सोडला, भाचेसुनेने पर्स खांद्याला लावली. झालं, जिंकलं.

आत्या मात्र हलल्या नाहीत. खरा शिंपला असा मलूल कसा? त्या खुर्चीच्या एका बाजूने पाहत पाहत दुसऱ्या बाजूला गेल्या. खिडकी आता त्यांच्या उजव्या हाताला आली. आणि तिथून त्यांचं फूल लख्ख पेटलं, जुनी तिन्ही विझली.

त्यांना सगळं एकदम समजलं.

"निघायचं ना?" दुकानदार म्हणाला. "सिद्ध झालं की."

"अर्धंच झालं. बाई, शिंपला खरा आहे, पण बसवलाय मी उलटा."

दुकानदाराने कपाळाला हात लावला. आत्या सावकाश सांगत गेल्या. शिंपल्याची चमक एकाच अंगाने येते. तुकडा तळहातावर फिरवायचा, उजेडात जिथे पेटेल तिथे थांबवायचा आणि तसाच खाचेत बसवायचा. जुने कारागीर उजेड डाव्या हाताला घेऊन बसायचे, आत्यांचं टेबलही तसंच असायचं. चार महिन्यांपूर्वी ते दुसऱ्या भिंतीला गेलं आणि खिडकी उजवीकडे आली.

"तिथे मला तुमची जुनी फुलं मंद दिसत होती. मला वाटलं, तेलकट हातांचा थर असेल. दोन दिवस पुसत बसले. ती मंद नव्हतीच, माझाच उजेड उलटा होता."

"टेबल मी हलवायला लावलं," भाचेसून हळूच म्हणाली. "धुण्याच्या मशीनसाठी."

"तुला उजेडाचं काय ठाऊक? मला होतं."

"आत्या, हे सांगायलाच हवं होतं का?" दुकानदार कुजबुजला.

"त्यांना दिसतं ते मला दिसत नाही म्हणू?"

बाईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "तीस वर्षं मी मुलांची कारणं ऐकली. कोणी भावाचं नाव घेतलं, कोणी कुत्र्याचं. तुमच्याकडे तर खरोखरचं मशीन होतं, त्याचंही नाव तुम्ही घेतलं नाहीत." त्यांनी खुर्चीकडे पाहिलं, मग दुकानदाराकडे. "सातही यांच्याकडेच जातील. आणि हे फूल?"

"काढून नवं बसवीन. चिकटवायचा सरस वाफेवर सैल होतो, लाकडाला धक्का लागणार नाही."

"टेबल मी आजच जागेवर आणते," भाचेसून म्हणाली. "मशीन जाऊ दे बाल्कनीत."

"राहू दे गं. धुणं कमी होतं का घरात?" आत्या खिडकीशी गेल्या. डावीकडून येणारा उजेड त्यांनी तळहातावर घेऊन पाहिला, शिंपला धरावा तसा.

"तुम्हाला आणखी काही लागेल का?" बाईंनी विचारलं. "मदतनीस, सामान?"

"सामान माझं मी आणीन. या खुर्च्या जिथे राहणार तिथल्याच उजेडात मला त्या करायच्या आहेत. रोज सकाळी दोन तास मला या खिडकीपाशी बसू द्या."